‘पूर’ ऐकून लोक काय म्हणाले

हिरामण रिक्षावाला स्पीकर हातात घेऊन दुकानात आला, तेव्हा मी वाचत बसलो होतो. स्पीकर म्हणजे आख्खी पेटी नव्हे, नुसतं आतलं यंत्र. वायरी लोंबत होत्या.

“मास्तर, तीन मिनिटं नुसतं गुरगुरी ऱ्हायनं. माले वाटनं, पडदा फाटी गया. चालू रस्तामा उतरीसन पेटी खोली.”

“मंग? काय निंघनं?” मी विचारलं.

“काय निंघी? पडदा नवा कोरा शे. तुमन्हं गाणंच तसं शे.”

मी वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘श्रोत्यास मंद्र स्वरांचा प्रयोग नावीन्यपूर्ण वाटला.’

या वाक्यामुळे पुढे जे झालं ते सांगायचं आहे. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ असं कळवलं, त्याला आता सात महिने होत आले. धंदा दोघांचा होता आणि आता मी एकटाच आहे, त्यामुळे लिहिणं हळूहळू झालं.

आमचा धंदा गाणी भरून देण्याचा. शहाद्यात, बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर. आधी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, मग नखाएवढी मेमरी कार्डं आणि पेनड्राइव्ह. लोकांना वाटतं, मोबाइल आल्यावर हा धंदा संपला असेल. पण ट्रॅक्टरवर, रिक्षात, पिकअपमध्ये, आणि वर डोंगरात जिथे फोनला रेंज नाही तिथे कार्डच चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, ‘लग्नाचे शंभर, जुने पन्नास, आन बाकी तुम्हले आवडतीन ते.’ आम्ही कार्ड पुसून कोरं करायचं आणि भरायचं. हे पुसणं ध्यानात ठेवावं.

दुकानात मी पुढे बसायचो आणि सुपडू मागे. मी बी. ए. झालेला, अक्षर चांगलं, हातात कायम पुस्तक. म्हणून कुठल्याही शाळेत एक दिवसही न शिकवता गावाने मला मास्तर करून टाकलं. सुपडू माझा भागीदार आणि पाचवीपासूनचा मित्र. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावून त्याने ध्वनिमुद्रणाची जागा केली होती. काचेचं दार. तो आत काय करतो ते मला दिसायचं, ऐकू यायचं नाही. तीस वर्षं हा संसार उत्तम चालला, याचं श्रेय मी त्या काचेला देतो.

सुपडूची मुलगी पुण्याला नोकरी करते. एका दिवाळीत तिने बापाला चांगले हेडफोन आणि ‘ड्रम अँड बेस’ नावाचं संगीत आणून दिलं. साठीला आलेल्या माणसाला हे देणं म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. सुपडूने मला समजावलं ते असं: वर ढोल मिनिटाला एकशे सत्तर ठोक्यांनी धावतो आणि खालचा घोगरा आवाज त्याच्या निम्म्या चालीने चालतो. ऐकणाऱ्याने घोड्याबरोबर पळायचं की बैलाबरोबर चालायचं, हे त्याचं त्याने ठरवावं.

त्यानंतर दोन वर्षं तो काचेमागे होता. सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन घोड्यांच्या टापा घेतल्या, कापसाच्या जिनिंगची घरघर घेतली, उसाच्या चरकाची करकर घेतली. धडगावच्या वर एका पाड्यात राहणाऱ्या म्हाताऱ्या ढोलवाल्याकडून मोठ्या ढोलाचे ठोके घेतले. या सगळ्यातून आठ तुकड्यांचा, सव्वा तासाचा अल्बम तयार झाला. नाव ‘पूर’. तापी उगमापासून खाडीपर्यंत कशी जाते, ते म्हणे त्यात होतं. गाणारा कोणी नव्हता.

“विकाना नही,” सुपडू म्हणाला. “पयले मत लेऊत. लोके जे गाणा मांगतीन ते भर, आन शेवट हाई टाकी दे. परत उनात म्हंजे इचार. मन्हासमोर कोन्ही खरं सांगाव नही. मी आत बठस, तू लिही ठेव.”

त्याचा स्वभाव तापट होता आणि गावात त्याचा मान होता. या दोन्ही कारणांनी त्याला खरं कोणी सांगितलं नसतं, हे बरोबरच. म्हणून दोनशे पानांची वही आणली. आयुष्यात दुसरं काही नको, पण हे लोकांना कसं वाटतं ते कळू दे, असं तो तेव्हा म्हणाला होता. त्याच्या तोंडून असं वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं. कदाचित त्यामुळेच माझा हात कचरला असावा.

कारण लोक जे बोलत ते लिहिण्यासारखं नव्हतं. आणि दुसरी अडचण अशी की ते अहिराणीत बोलत. मी घरी, बाजारात, दुकानात जन्मभर अहिराणीच बोललो, पण लिहायची म्हटली की हात आपोआप शाळेतल्या मराठीत जातो. शिवी त्या मराठीत शिरताना दारातच चपला काढून ठेवते.

कापडाच्या दुकानाचे कांतीशेठ आले. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, ते स्वतः आमच्याइतकेच इथले. दुकानात दिवसभर गाणी लावून ठेवायची त्यांना सवय.

“मास्तर, गाणारा सुट्टीवर आहे का?”

“त्यात गाणारा नाही शेठ.”

“मग आधी सांगायचं ना. मी एक चहा संपवला, दुसरा मागवला. म्हटलं आता येईल, आता येईल. आणि ऐका, ते दुसरं लावलं की बायका साड्या भराभर उलटतात आणि काही न घेता उठून जातात. तिसरं लावलं की भिंतीला टेकून बसतात, उठतच नाहीत. माझं दुकान आहे की दवाखाना?”

मी लिहिलं: ‘गायनाची किंचित उणीव. तथापि रचनेचा श्रोत्यांच्या मनःस्थितीवर प्रभाव पडतो.’

यात्रेत घोडा नाचवणारा एक जण होता. त्याच्या पांढऱ्या घोड्याला ढोलकीवर चारही पाय उचलून नाचता येत असे. त्याने कार्ड माझ्या टेबलावर आपटलं.

“पुढला पाय एक आयकतस, मांगला पाय दुसरं. घोडानी करानं काय? दोन दिन व्हयनात, वैरण सुंगस आन तोंड फिरावस.”

मी लिहिलं: ‘तालाची गुंतागुंत जाणकारांनाही विचारप्रवृत्त करते.’

जाणकार म्हणजे घोडा, हे मी लिहिलं नाही.

आवडणारेही होते, हे सांगितलं पाहिजे. व्यायामशाळेतली पोरं दुसऱ्या तुकड्यावर वजनं उचलत. एका ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं की नांगरताना याच्यासारखं काही नाही, तासं सरळ पडतात. एकाच घरातले दोन भाऊ एकाच दिवशी येऊन परस्परविरोधी मतं देऊन गेले आणि जाताना पायरीवर भांडले. फक्त चौथ्या तुकड्यावर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं. तो अकरा मिनिटांचा होता, त्यात फारसं काही घडत नसे, आणि हिरामणने पेटी उघडली ती त्याच्यातच.

म्हातारा ढोलवाला धडगावहून मुद्दाम आला. घरी तो पावरी ही डोंगरातली बोली बोलतो. माझ्याशी तोडकं मराठी बोलला. दुकानाच्या फरशीवर मांडी घालून, डोळे मिटून त्याने आठही तुकडे ऐकले. मधे पाणी दिलं, घेतलं नाही. संपल्यावर उठून म्हणाला, “ढोल माझा आहे. हात माझा नाही.”

सुपडूने त्याचे ठोके एकेक सुटे करून, हव्या त्या गतीने पुन्हा जोडले होते. म्हाताऱ्याला ते पहिल्या मिनिटात कळलं होतं, तरी तो सव्वा तास बसला होता. काचेतून सुपडू हसत हात हलवत होता. मी लिहिलं: ‘वादकाने आपला ढोल तत्काळ ओळखला.’

वही भरत गेली. दर शनिवारी सुपडू ती घरी नेई आणि सोमवारी खुशीत परत आणी. वहिनी मला म्हणाल्याही, “भाऊ, तुम्ही काय लिहिता हो त्यात? हे जेवताना वाचतात अन् एक भाकरी जास्त खातात.”

मग कळसाडी गावातलं लग्न आलं. नामदेवनाना म्हणून ऊस-कापसाचे मोठे शेतकरी, त्यांच्या धाकट्या मुलाचं. त्यांनी वरातीला सुपडूची स्पीकरची गाडी आणि नेहमीची गाणी मागितली होती. सुपडूने वहीतली ‘तरुणांना उत्साहवर्धक’ आणि ‘ज्येष्ठांना चिंतनशील’ ही दोन मतं वाचून दाखवली आणि ‘पूर’ ठरवला. मी समोर होतो. तेव्हा बोलता आलं असतं.

वरात चार वाजता मारुतीच्या पारापासून निघाली. पोरांनी वरचा ढोल धरला आणि पळत सुटली. म्हाताऱ्यांनी खालची घुमार धरली आणि ते एक पाऊल टाकून थांबून, डोलून, मग दुसरं टाकू लागले. दोघेही तालात होते, हीच तर अडचण. कोणीही चुकत नव्हतं. वीस मिनिटांत पोरं मांडवाच्या दारात पोचली आणि मामे-मावस सासऱ्यांच्या गळ्यात पडून नाचू लागली. म्हातारे अजून पाराच्या सावलीतून बाहेर आले नव्हते. सुपडूची गाडी पोरांमागे गेली, कारण चालवणारा त्याचा पुतण्या होता. मधे अर्धा फर्लांग मोकळा रस्ता.

नामदेवनाना घाम पुसत, मुलाला शोधत गाडीजवळ आले.

“सुपडूआप्पा, मन्हा अंडोर कोठे शे?”

“घोडावर शे ना नाना.”

“मंग घोडा कोठे शे?”

घोडा त्या मोकळ्या रस्त्याच्या बरोबर मधोमध उभा होता. वर नवरदेव, शेजारी करवली, आणि एक कुत्रं. ना पुढे माणूस, ना मागे. घोडा कोणाकडे जावं याचा विचार करत असावा. नवरदेव मुंडावळ्यांतून दोन्हीकडे आळीपाळीने बघत होता. भटजी मुहूर्ताचं घड्याळ दाखवत मांडवातून ओरडत होते. अखेर दोन चुलत्यांनी लगाम धरून नवरदेवाला, म्हातारे येण्याची वाट न पाहता, मांडवात आणलं. मंगलाष्टकं झाली तेव्हा नवरदेवाचे आजोबा वाटेत होते, आणि अजून नाचत होते.

कोणी फार बोललं नाही. नानांनी जेवू घालूनच पाठवलं. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच सुपडूने वही माझ्यासमोर ठेवली. काचेचं दार उघडंच होतं.

“इतला लोकेस्नी आयकं,” तो म्हणाला, “आन एक बी शिवी नही? हाऊ खान्देश शे का, मास्तर?”

त्याने वहीचं पहिलं पान उघडलं.

“हिरामण ‘मंद्र स्वर’ म्हनना? हिरामण? तो आपला पोऱ्याले हाका मारस तरी दोन शिव्या देस.”

त्याला राग लोकांचा नव्हता. त्याने आयुष्यात एकदा खरं मागितलं होतं, ते ज्याच्याकडे मागितलं त्यानेच इस्त्री करून दिलं, याचा होता. “माले वाईट वाटी म्हनीसन?” त्याने विचारलं, आणि उत्तर न ऐकता आत गेला.

मी नवी वही घेतली. चार दिवस पुढच्या टेबलावर बसून एकेकाचं बोलणं आठवत, जसंच्या तसं, अहिराणीत लिहून काढलं. घरची बोली मी पहिल्यांदाच कागदावर पाहत होतो. आईने मारलेल्या हाकांचे शब्द लिहिताना कुठे काना द्यावा ते सुचेना. शिव्या मात्र बिनचूक आल्या.

पाचव्या दिवशी मी त्याला वाचून दाखवलं. हिरामणच्या स्पीकरला तो हसला. कांतीशेठच्या दुसऱ्या चहाला हसला. घोड्याने तोंड फिरवलं तिथे त्याला ठसका लागला आणि मला पाणी आणावं लागलं. ढोलवाल्याचं वाक्य आलं तेव्हा त्याने हात वर केला. मी थांबलो. त्याने ते पुन्हा वाचायला लावलं. नंतर आठवडाभर तो दुकानात आला नाही. यंत्रं घेऊन धडगावच्या वर म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन बसला. म्हातारा आपल्या चालीने वाजवेल आणि बाकी सगळं त्याच्या मागे येईल, असं ठरलं. असा नव्याने झालेला सहावा तुकडा आज ज्याने ऐकला तो त्याला नावं ठेवत नाही. खरं सांगण्याचा उपयोग होतो, हे मी साठाव्या वर्षी शिकलो.

शिकलो, आणि लगेच जीभ सैल सोडली.

“आन तुन्हं?” सुपडूने विचारलं. “बठ्ठासनं लिखं. तुन्हं पान कोठे शे?”

“चवथं लांब शे,” मी म्हणालो. “इतलं लांब, का मी त्यामा पुस्तकनी आठ पानं वाची टाकात.”

“काढू?”

“काढ.”

त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग आत गेला आणि काढलं. सुपडू काढायचा म्हणजे मुळापासून, मूळ मुद्रणही पुसून; उरलं तर पुन्हा मोह होतो, म्हणायचा. अल्बम सात तुकड्यांचा झाला. मला माझ्या स्पष्टपणाचा अभिमान वाटला. आठ पानं वाचली हे खरं होतं. ती पानं किती छान वाचून झाली होती, ते मी सांगितलं नाही, कारण ते तेव्हा माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

माघात सुपडू गेला. सकाळी चहा घेताना, घरी, बसल्याजागी. यापुढे मला याबद्दल लिहिता येत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी दुकान उघडलं. लोक आले, बसले. सात तुकड्यांचा ‘पूर’ घेऊन गेले. आणि हळूहळू एकेक जण विचारू लागला: ते लांबडं कुठं गेलं? नांगरणीवाल्याने विचारलं. भांडणाऱ्या दोन्ही भावांनी विचारलं. कांतीशेठ म्हणाले, “वाईटच होतं हो ते. पण ते नाही म्हटल्यावर तिसऱ्यानंतर पाचवं फार लवकर येतं.” सुपडूच्या मुलीला फोन केला. तिच्याकडे नव्हतं, पूर्ण झाल्यावर पाठवीन, असं बाप तिला सांगत आला होता.

मग सुरुवातीला भरून दिलेली कार्डं शोधावीत असं ठरवलं. मी पाटी रंगवून दारात लावली. लोकांनी मनापासून कार्डं आणून दिली. एकाही कार्डात ते नव्हतं, आणि का नव्हतं ते कळायला मला दोन दिवस लागले. परत आलेल्या प्रत्येकाचं कार्ड मीच पुसून नव्या गाण्यांनी भरलं होतं. मत लिहून घ्यायचं, कार्ड कोरं करायचं, ही आमची पद्धत. म्हणजे वहीत ज्यांची नावं होती त्यांच्यापैकी कोणाकडेही ते असणं शक्य नव्हतं. ते उरलं असेल तर अशा माणसाकडे, जो पुन्हा दुकानात आलाच नाही. न आलेल्या गिऱ्हाइकांची यादी कुठल्या दुकानदाराकडे असते?

वैशाखात नवापूरकडचा एक पिकअपवाला गाणी भरायला आला. ‘पूर’ चालू होता. तो म्हणाला, “हे तर आमच्याकडे गिरणीत रोज वाजतं. पण तिथं याच्यात एक मोठं आहे.”

मी दुकानाला कुलूप लावून त्याच्याच गाडीत बसलो.

चिंचपाड्याच्या अलीकडे रस्त्याला लागून पत्र्याची पिठाची गिरणी. चालवणाऱ्या बाईंचं नाव रमीलाबाई. फळीवर नवऱ्याच्या विकलेल्या टेम्पोतली मोठी स्पीकरची पेटी ठेवलेली, पिठाने पांढरी झालेली. खाली डब्यांची रांग.

मी कोण, कुठून आलो ते ओरडून सांगावं लागलं. गिरणीच्या आवाजात माझा शब्द मलाच ऐकू येत नव्हता.

“शहाद्याला मामेबहिणीच्या लग्नाला आले होते,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुमच्याकडून कार्ड भरून नेलं. बाकीची गाणी इथं कळतच नाहीत, काका. शब्द सगळा जात्यात जातो. हे शेवटचं तेवढं ऐकू येतं. खालून येतं ना, पायातून.”

“परत कधी आला नाहीत?”

“कशाला येऊ? चांगलं चाललंय की.”

मी चौथ्याचं विचारलं. त्यांनी रांगेतला एक मोठा डबा उचलून ज्वारी वरच्या तोंडात ओतली आणि पेटीचं बटण दाबत दाबत चौथ्यावर आणलं. घुमार सुरू झाली. खरोखरच पायातून. पहिली तीन मिनिटं काही घडलं नाही, पूर्वीसारखंच. पीठ पडत होतं. ढोल कुठेतरी लांबून आला, जवळ आला नाही, पुन्हा गेला. माझ्याजवळ पुस्तक नव्हतं.

शेवटचं पीठ पडलं आणि तुकडा संपला. दोन्ही एकदमच.

“बघा,” रमीलाबाई म्हणाल्या. “लहान डब्याला दुसरं लावते, पायलीला तिसरं. मोठा डबा असला की हे. घड्याळ बघावं लागत नाही.” मग पदराने हात झटकत त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं वाटलं?”

वही घरी होती. मी म्हणालो, “लांब आहे.”

“मग? डबा मोठा आहे.”

मी कार्ड मागितलं. लगेच उतरवून परत देतो म्हटलं. त्यांनी रांगेकडे बोट दाखवलं. दळण संपल्याशिवाय कार्ड निघणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. रांगेत अजून पाच मोठे डबे होते. पिकअपवाला घाई करत होता, त्याला मी जायला सांगितलं आणि एक रिकामा डबा उलटा करून त्यावर बसलो.